पूर्ण चार तास

डायलिसिस सेंटरमध्ये ज्याला मशीनवरून सगळ्यांच्या आधी काढतात तो नशीबवान, अशी तिथल्या माणसांची समजूत होती. शाळेत शेवटचा तास बुडाला की पोरं जशी दप्तरं उचलून धूम ठोकतात, तशी तिथली नातवंडं असलेली माणसंसुद्धा हातावर पट्टी बांधून होते न होते तोच पलंगाखालच्या चपला पायानं चाचपडायला लागत. मागे राहिलेले त्यांच्याकडे हेव्यानं बघत. या नशीबवानांत पेंटरचा नंबर बहुतेक वेळा पहिला लागे, आणि तो लागे त्याच्या बायकोच्या कर्तबगारीमुळे.

तिला सेंटरमध्ये सगळे वहिनी म्हणत. ती एका बेकरीत काउंटरवर कामाला होती. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवणारा. ब्लडप्रेशरच्या गोळ्या कडू लागतात म्हणून त्यानं त्या कित्येक वर्षं खिशातच ठेवल्या होत्या, आणि मग एक दिवस दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा मशीननं रक्त साफ करून घ्यायचं आणि अंगात साठलेलं पाणी काढून घ्यायचं, हा त्याचा संसार. एका वेळचे चार तास. डॉक्टरांनी सुरुवातीलाच तसं सांगितलं होतं, पण डॉक्टर काय, सांगतच असतात.

खरा कारभार मामांच्या हातात होता. मामा म्हणजे तिथले टेक्निशियन. सुया तेच टोचायचे, मशीन तेच लावायचे, आणि तोंडात साखर घेऊनच जन्माला आलेले. कुणाच्या मुलीचं लग्न जमलं, कुणाची म्हातारी पडली, सगळं त्यांना तोंडपाठ. वहिनी दर खेपेला बेकरीतून एक खोका आणी, कधी गरम बिस्किटं, कधी केकचे कापून उरलेले काठ. तो मामांच्या टेबलावर ठेवून ती हळूच म्हणे, "मामा, आज जरा बघा हं." मामा हसत, आणि खरोखरच बघत.

बघणं म्हणजे काय, तर शेवटच्या तासात पेंटरच्या पायात गोळे यायला लागले की त्याला मोकळं करणं. तो शेवटचा तास फार वाईट. पिंढरी दगडासारखी व्हायची, पेंटर पलंगाची कड धरून दात आवळायचा आणि म्हणायचा, "अगं, सांग ना मामांना." कुठली बायको हे बघत बसेल? ती उठायची, मामा यायचे, मशीनची बटणं दाबायचे, नळ्या काढायचे. "जा पेंटर, मजा करा." दोघं नवराबायको बाहेर पडताना त्या भल्या माणसाला दुवा देत. तीन तास झालेले असत, कधी तेवढेही नाहीत.

आता मामा भले होते हे खरं, पण त्या भलेपणाला एक दुसरी बाजू होती आणि ती कुणी उलटून पाहिली नव्हती. सेंटर चालवणाऱ्या ट्रस्टनं मागल्या वर्षी पेशंटची चौथी बॅच सुरू केली होती. मशीनं वाढली नाहीत, माणसं वाढली नाहीत, दिवसही काही लांबला नाही. मग चौथ्या बॅचला वेळ आला कुठून? हा प्रश्न पहिलीतल्या पोराला सुचला असता, पण तिथं तो कुणालाच सुचला नाही, कारण उत्तर प्रत्येकाच्या हातावरच्या पट्टीखाली होतं. ट्रस्टच्या सभेत मात्र "आपण किती जास्त रुग्णांची सेवा करतो" म्हणून टाळ्या पडत. सेवेचा आकडा फुगत होता आणि इकडे पेशंटचे पाय.

अशात सेंटरमध्ये एक डॉक्टरबाई आल्या. मोठ्या हॉस्पिटलातून, संशोधनासाठी. त्यांना पाहायचं होतं की पेशंटला दर वेळी पूर्ण चार तास दिले आणि अंगातलं पाणी सावकाश ओढलं, तर त्याची झोप, त्याचा दम, त्याचं ब्लडप्रेशर यांत काय फरक पडतो. मोठ्या हॉस्पिटलचं नाव जोडलं जातंय म्हटल्यावर ट्रस्टनं लगेच होकार दिला. अभ्यास चालेल तेवढ्या आठवड्यांपुरती चौथी बॅच त्या बाईंनी आपल्या हॉस्पिटलात सामावून घेतली, आणि सेंटरमध्ये पहिल्यांदाच कुणाला घाई उरली नाही.

पेशंटच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. बाई पलंगांमधून फिरायच्या आणि कुणी चुळबुळ करायला लागला की मनगट वळवून बघायच्या. "अजून अर्धा तास आहे." दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव घड्याळबाई पडलं. हे नाव ठेवलं हेडमास्तरांनी, म्हणजे पेंटरच्या शेजारच्या पलंगावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी. आयुष्यभर पोरांना घंटा होईपर्यंत डांबून ठेवलेला हा माणूस आता स्वतः डांबला गेल्यावर मानवी हक्कांवर भाषणं देऊ लागला होता.

वहिनी तर बाईंशी तोंडावर भांडली. तिनं विचारलं की तुमच्या अभ्यासासाठी आमच्या माणसाला बांधून का ठेवता, आम्ही काय प्रयोगाचे उंदीर आहोत का. बाई म्हणाल्या, "मी त्यांच्यासाठीच थांबवतेय हो." वहिनीनं त्यावर मान फिरवली. त्या दिवसापासून बिस्किटांचा खोका उघडला की मामांना, सिस्टरना, झाडूवाल्या मावशींनाही मिळे, फक्त घड्याळबाईंच्या वाट्याला येत नसे. बाईंनी ते पाहिलं असणार, पण त्या पुढच्या पलंगाकडे वळत.

आणि त्याच आठवड्यांत घरी एक गंमत झाली. पेंटर आडवा झोपायला लागला. गेलं वर्षभर तो भिंतीला उशा लावून बसल्या बसल्या डुलक्या काढायचा, तो आता पाठ टेकून घोरू लागला. पायांची सूज उतरली, जुने बूट पायात शिरले. जेवताना "नको" म्हणणं थांबलं. एकदा तर तो शिडीवर चढला आणि गल्लीतल्या वाचनालयाची पाटी दिवसभरात रंगवून खाली उतरला, धाप न लागता. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. सेंटरमध्ये शेवटच्या तासाला गोळेही क्वचितच येत होते. हे सगळं कशामुळे, असं नणंदेनं विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, "हवा बदलली ना, त्यांना ही हवा मानवते." घड्याळबाईंना श्रेय द्यायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

मग अभ्यास संपला. बाईंनी सगळ्यांचे आभार मानले आणि त्या गेल्या. त्या दारातून बाहेर पडल्या तेव्हा खोलीत टाळ्या वाजल्या, आणि त्या आभाराच्या नव्हत्या. हेडमास्तर म्हणाले, पारतंत्र्य संपलं. पुढच्या खेपेला वहिनी आख्खा केक घेऊन आली. चौथी बॅच परत आली, मामांच्या बोटांना पुन्हा गती आली, आणि पेंटर पुन्हा सगळ्यांच्या आधी चपला घालून दारात उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, बरे दिवस आले.

बरे दिवस कसले! थोड्याच दिवसांत बूट पुन्हा पायात शिरेनासे झाले. पेंटर पुन्हा भिंतीला टेकून झोपू लागला, मग झोपणंच सोडून खुर्चीत बसून राहू लागला. दोन पायऱ्या चढला की कठड्याला धरून उभा राही. वहिनीनं मामांना सांगितलं. मामा पेंटरच्या खांद्यावर हात ठेवून लाडानं रागावले, "पेंटर, पाणी चोरून पिताय ना? अंगात एवढं पाणी येतं कुठून?"

झालं. वहिनीच्या डोक्यात तेवढं एकच बसलं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यायचं असतं हे खरंच आहे, आणि पेंटर ते पाळत होता. तो शपथेवर सांगत होता. पण घरात त्याचं ऐकतो कोण? वहिनीनं पाण्याचं भांडं उंच फळीवर ठेवलं, नळाची चावी बाहेरून बंद केली, शेजारणींना बजावून ठेवलं की मागितलं तरी देऊ नका. तो मोरीत गेला की ती बाहेर कान देऊन उभी राही. वर्षानुवर्षं ज्याच्याशी सुखदुःख वाटून घेतलं त्या माणसावर तिनं चोराची पाळत ठेवली. तो एकदा एवढंच म्हणाला, "अगं, जीभ टाळ्याला चिकटलीय माझी. कुठून चोरू?" तिनं ऐकलं आणि फळी आणखी वर ठोकून घेतली.

सेंटर रविवारी बंद असायचं, म्हणून शनिवार-रविवारचा खाडा सगळ्यात मोठा. अशाच एका रविवारी दुपारी पेंटर खुर्चीतून उठायला गेला आणि त्याला श्वास पुरेना. ओठ निळे पडले, छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज यायला लागला, आणि तो वहिनीचा हात धरून नुसता तिच्याकडे बघत राहिला. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. मोठ्या हॉस्पिटलात त्याला धावतपळत आत नेलं, तोंडावर ऑक्सिजन बांधला, मशीन लावलं. आणि ज्या डॉक्टरनं ते सगळं उभं राहून करवून घेतलं, ती घड्याळबाई होती.

तो वाचला. त्याचा श्वास ठिकाणावर आल्यावर बाई बाहेर आल्या आणि वहिनीजवळ बाकावर बसल्या. वहिनी आधी त्यांच्या पाया पडायला निघाली, मग रडली, आणि मग तिनं नवऱ्याचीच तक्रार सुरू केली की तुम्हीच सांगा हो त्यांना, ऐकत नाहीत, चोरून पाणी पितात. बाईंनी शांतपणे विचारलं की सध्या मशीनवर किती वेळ असतात. वहिनी म्हणाली, तीन तास, कधी कमीच, आमचे मामा फार चांगले आहेत, अडवत नाहीत.

बाई तिच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तुमचा नवरा पाणी चोरत नाही. त्याच्या अंगातलं पाणी काढलंच जात नाही. चार तासांचं काम तीन तासांत उरकलं की उरलेलं पाणी जातं कुठं? पायात, पोटात, छातीत. प्रत्येक खेपेला थोडं थोडं. आज ते छातीत भरलं."

वहिनीनं पायातल्या गोळ्यांची ढाल पुढे केली. शेवटच्या तासात त्यांचे पाय बघवत नाहीत, म्हणून तर लवकर काढतात, मामा काय दुष्ट आहेत का, असं ती विचारू लागली.

"गोळे का येतात ते कधी विचारलंत?" बाई म्हणाल्या. "पेशंट लवकर उठणार हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून मशीन पाणी घाईघाईनं ओढतं. घाईनं ओढलं की गोळे येतात. गोळे आले की तुम्ही म्हणता, काढा. पुढच्या खेपेला पाणी आणखी जास्त, म्हणून घाई आणखी जास्त. मी होते तेव्हा गोळे येत होते का, आठवून बघा."

वहिनीनं आठवून बघितलं. पाठ टेकून घोरणारा नवरा आठवला, शिडी आठवली, "हवा बदलली" हे स्वतःचं वाक्य आठवलं. मग फळीवरचं भांडं आठवलं. तहानेनं जीभ चिकटलेल्या माणसाला आपण चोर ठरवलं, आणि ज्यानं त्याचा तास चोरला त्याला केक खाऊ घातला! आपल्या हातानं, खोक्यात भरून!

पण राग आला की माणूस आधी समोर असेल त्याच्यावर काढतो. ती बाईंवरच उसळली. "म्हणजे तुम्हाला हे सगळं माहीत होतं. माझा माणूस कशानं सुधारला ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. आणि तरी आपला अभ्यास उचलून चालत्या झालात? तुमच्या संशोधनाचं आम्ही काय लोणचं घालायचं?"

बाईंनी मान खाली घातली नाही आणि सारवासारवही केली नाही. त्यांनी सांगितलं की निष्कर्ष ट्रस्टच्या बैठकीत मांडला होता. ट्रस्टचे लोक म्हणाले, आम्ही पूर्ण वेळ द्यायला तयार आहोत हो, पण पेशंटच बसत नाहीत, तुमचा अभ्यास संपला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. "याला माझ्याकडे उत्तर नव्हतं," बाई म्हणाल्या. "टाळ्या मी पण ऐकल्या होत्या. मी आणखी भांडायला हवं होतं. पुढचं काम आलं आणि मी भांडले नाही, तो दोष माझा. पण एक सांगते. डॉक्टरनं कितीही शोध लावला तरी तो कागदावरच राहतो, जोवर ज्याचं रक्त आहे तो माणूस म्हणत नाही की मला माझा पूर्ण वेळ हवा. तुम्ही तो मागत नाही. तुम्ही तो परत करता, वर आभार मानता."

वहिनी बेकरीत कामाला होती. वजनात पाव किलोला दहा ग्रॅम कमी भरलं तर गिऱ्हाईक काउंटर डोक्यावर घेतं हे ती रोज बघत होती. बिस्किटांसाठी भांडणारी माणसं रक्तासाठी भांडत नाहीत, हे तिला त्या बाकावर बसून कळलं आणि तिच्या कानशिलांत आग झाली.

पेंटर घरी आला. पुढच्या खेपेला पेंटरला मशीनवर दोन तास झाल्यावर वहिनी सेंटरमध्ये गेली ती रिकाम्या हातानं, आणि मामा "या वहिनी" म्हणेपर्यंत तिनं त्यांना कोपऱ्यात गाठलं होतं. तिनं आवाज चढवला नाही. "मामा, लवकर काढायचं म्हणून तुम्ही पाणी घाईनं ओढता आणि त्यानं गोळे येतात. हे तुम्हाला माहीत होतं?"

मामांचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि हळूहळू कडेनं उतरत गेलं. माहीत होतं, ते म्हणाले. या कामात पडलेल्या कुणालाही माहीत असतं. पण वरून चौथी बॅच डोक्यावर असते, आणि इकडे पेशंटच हात जोडतात. "तुम्हीच सांगा, वहिनी, एवढी गयावया केल्यावर नाही कसं म्हणायचं? मला कुणाचं मन मोडवत नाही."

"मन मोडलं असतं तर जुळलं असतं," वहिनी म्हणाली. "परवा रिक्षात माझ्या मांडीवर जीव चालला होता त्यांचा. आणि तुम्ही मला सांगितलंत, पाणी चोरून पितात म्हणून. मी महिनाभर त्या माणसाला तहानेनं मारलं, मामा." मामांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण वहिनीला त्या पाण्याची दया आली नाही, आणि का यावी? डोळे पुसून मामा त्याच मशीनकडे त्याच गतीनं वळले असते तर त्या आसवांचा उपयोग काय होता?

बोलाचाली ऐकून व्यवस्थापक केबिनमधून बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल, आणि चेहऱ्यावर ट्रस्टची सगळी पुण्याई. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. बाहेर व्हरांड्यात चौथ्या बॅचची माणसं भिंतीला टेकून बसली होती. "ती माणसं बघा. तुमच्या नवऱ्याला चार तास हवेत म्हणून त्यांना काय मरायला पाठवू? बाई, जरा दुसऱ्याचाही विचार करायला शिका."

हा घाव बरोबर वर्मी बसणारा होता, आणि यापूर्वी असल्या घावानं किती तरी तोंडं बंद झाली असतील. वहिनीनं व्हरांड्यातल्या माणसांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "त्यांना तरी पूर्ण वेळ देता का?"

व्यवस्थापकांनी मोबाइलकडे पाहिलं.

"एक पांघरूण फाडून चौघांना वाटलंत, तर चौघंही कुडकुडून मरतील. आणि तुम्ही सभेत सांगणार, आम्ही चौघांना पांघरूण दिलं. मशीनं वाढवा. नाही जमत तर तसं सांगा, आम्ही तुमच्याबरोबर येतो, मागू ना सरकारकडे, मोठ्या हॉस्पिटलकडे. पण आमच्यातलंच कापून आम्हालाच एकमेकांवर सोडू नका." एवढं बोलून ती व्यवस्थापकांचं उत्तर ऐकायला थांबलीच नाही. ती सरळ व्हरांड्यात गेली.

तिथं तिचं कुणी हार घालून स्वागत केलं नाही. आमच्या वेळेवर टपून बसलीस का, असं एकानं तोंडावर विचारलं. दुसरा म्हणाला, हिचा नवरा रोज पहिला उठायचा तेव्हा बरी नाही आठवली ही अक्कल. ते खरंच होतं, आणि वहिनीनं ते कबूल केलं. मग तिनं त्यांना सगळं सांगितलं, घाईनं ओढलेलं पाणी, गोळे, छाती, रविवारची दुपार. भिंतीशी बसलेली एक म्हातारी आपल्या फुगलेल्या पावलांकडे बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे आम्हाला पण कमीच देतात. आणि मला सून म्हणते, सासूबाई चोरून पाणी पितात."

त्या व्हरांड्यात बहुधा घरोघरी एकेक भांडं उंच फळीवर गेलेलं होतं.

आत तिसरा तास संपत आला होता. पेंटरच्या पिंढरीत कळ यायला लागली होती, आणि वहिनी धावत आत आली तेव्हा मामा सवयीनं त्याच्या पलंगाशी पोहोचले होते. त्यांचा हात बटणाकडे गेला. पेंटर आयुष्यात कुणाला उलटून बोलला नव्हता. गिऱ्हाइकानं दोनदा पाटी पुसायला लावली तरी निमूट पुसणारा माणूस. त्यानं मोकळ्या हातानं मामांचं मनगट धरलं.

"मामा, वेळ झाली नाही अजून. गोळा येतोय तर ओढणं सावकाश करा. मी उठणार नाही."

मामा त्याच्याकडे बघत राहिले. शेजारच्या पलंगावर हेडमास्तर अर्धवट उठून बसले होते, एक पाय खाली, चपलेत. त्यांनी पेंटरकडे पाहिलं, व्यवस्थापकांकडे पाहिलं, दाराशी उभ्या राहिलेल्या व्हरांड्यातल्या माणसांकडे पाहिलं. मग पाय चपलेतून काढून परत पलंगावर घेतला आणि म्हणाले, "मलाही पूर्ण वेळ हवा." त्यांच्या भाषणांत हे सगळ्यात लहान. पलीकडून आणखी एक आवाज आला, मग आणखी एक. व्यवस्थापक म्हणाले, असं चालणार नाही, पोलीस बोलवावे लागतील. कुणीतरी म्हणालं, बोलवा, आम्ही कुठं पळून जाणार, नळ्या तर तुमच्याच मशीनला आहेत.

मामांनी बटणाकडे गेलेला हात मागे घेतला नाही, पण मशीन बंदही केलं नाही. त्यांनी पाणी ओढायची गती कमी केली. मग ते पुढच्या मशीनकडे गेले आणि तिथंही तेच केलं, आणि असं करत करत शेवटच्या पलंगापर्यंत गेले. व्यवस्थापकांनी त्यांना नोकरीची आठवण करून दिली. मामा म्हणाले, "साहेब, आज पहिल्यांदा नोकरी करतोय." त्यांना खरोखरच भीती वाटत होती.

त्या दिवशी चौथ्या बॅचचं काय, हा प्रश्न बोलण्यानं सुटणारा नव्हता. वहिनीनं घड्याळबाईंना फोन लावला, आणि बाईंनी या खेपेला "बघते" असं म्हटलं नाही. त्या गाडी घेऊन आल्या, व्हरांड्यातली माणसं आपल्या हॉस्पिटलात नेली, आणि त्याच आठवड्यात ट्रस्टच्या सभेत पुन्हा उभ्या राहिल्या. निष्कर्ष जुनेच होते. फरक एवढाच की या वेळी त्यांच्या मागे हातावर पट्ट्या बांधलेली माणसं उभी होती आणि सगळ्यात पुढे, सूनबाईला घेऊन, ती फुगल्या पावलांची म्हातारी. पेशंट बसायला तयार नाहीत, असं म्हणायची सभेत कुणाची छाती झाली नाही. नवीन मशीनं येईपर्यंत चौथी बॅच मोठ्या हॉस्पिटलात राहील आणि सेंटरमध्ये कुणालाही वेळेआधी काढलं जाणार नाही, असं ठरलं. मशीनं यायला वेळ लागला, त्यासाठी आणखी खूप भांडावं लागलं, आणि वहिनी भांडली. बेकरीचा मालक म्हणायचा, हिच्याशी वजनात गडबड करायची सोय उरली नाही.

घरी आल्यावर वहिनीनं नवऱ्याची माफी मागितली होती. तो म्हणाला, जाऊ दे. पण ती म्हणाली, जाऊ देणार नाही, आणि पुढं कितीतरी दिवस ती स्वतःवर धुमसत राहिली. तो राग चांगलाच होता. तो तिच्यात असा वेळेवर जागा झाला नसता, तर एव्हाना पेंटरच्या फोटोसमोर बसून लोक म्हणाले असते, नशीब, दुसरं काय.

वाचकहो, आपल्याला लुबाडणारा नेहमी डोळे वटारून येत नाही. तो "जा, मजा करा" म्हणतो, आपल्या मुलीच्या लग्नाचं विचारतो, आणि आपल्या वाट्याचं जे आहे त्यातला तुकडा आपल्याच हातून काढून घेतो. शाळेत शिकवणीचा तास कमी झाला, दवाखान्यात तपासणी उरकली गेली, औषध अर्ध्यावर थांबलं, की आपण सुटलो म्हणून खूश होतो. उपचारातली सूट ही मेहेरबानी नसते, चोरी असते, आणि ज्या चोरीचे आपण आभार मानतो तिची फिर्याद कुणीच करत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुम्हाला वेळेआधी मोकळं केलं, तर दारातून बाहेर पडण्याआधी मागे वळून एवढं विचारा, की बाबा रे, माझं काय ठेवून घेतलंस?